जिप्सीचं इंजिन वायरिंग उकललंय, बाहेरच्या ईसीयूसाठी (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) अख्खं नव्यानं करायलोय (कोल्हापूर)

गगनबावडा_१३०० · रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, आज पहिलाच धागा काढायलोय आणि तो लांबलाय, सवडीनं वाचा.

गाडी जिप्सी किंग. मूळची कार्ब्युरेटरची, दोन वर्षांमागं तिच्यात १३०० सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन बसवलं (आरटीओची परवानगी काढून, पहिला प्रश्न तोच येणार म्हणून आधीच सांगतो). इंजिनासोबत कंपनीचं वायरिंग आलं ते मधनंच कापलेलं, ईसीयू तर नव्हताच, म्हणून मायक्रोस्क्वर्ट हा बाहेरचा ईसीयू घेतला. चार इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) दोन चॅनेलवर दोन-दोन, वेस्टेड स्पार्कचा (दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देणारा) कॉइल पॅक, आणि इंजिन कुठवर फिरलंय ते ईसीयूला कळावं म्हणून क्रँकच्या पुलीवर ३६-१ चं दातेरी चाक. वायरिंग एकाकडनं करून घेतलं. माणूस कष्टाळू, पण त्याचं सगळं काम हॉर्न, लाईट आणि म्युझिक सिस्टीमचं, आणि मी पण त्याला कागदावर काही काढून दिलं नव्हतं.

तेव्हापासनं तीन दुखणी आहेत. इंजिन ८० डिग्रीवर आलं आणि रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन लागला की लॅपटॉपवर तापमान धपकन ६८ वर येतं, एक्झॉस्टला कच्च्या पेट्रोलचा वास सुटतो, फॅन थांबला की परत ८०. दुसरं, ३८००-४००० आरपीएमच्या आसपास इंजिन क्षणभर मरतं आणि परत धरतं, गाडीत बसलेल्याची मान हलते इतकं. तिसरं म्हणजे गेल्या जुलैत गगनबावड्याला चाललो होतो, साळवणच्या पुढं पाऊस असा की वायपर पुरेना, तिथं गाडी बंद. चावी दिली तर टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा आवाजच नाही. अर्धा तास बॉनेटखाली गमछानं पुसत बसलो तेव्हा चालू झाली.

ह्या तिन्हीसाठी चार महिने मी लॅपटॉपवर फ्युएल मॅप (किती पेट्रोल द्यायचं त्याचं कोष्टक) बदलत होतो. मॅपमध्ये काही नव्हतंच हे गेल्या रविवारी टेप उकलल्यावर कळलं. आत सगळीकडं एकाच लाल रंगाची घरगुती वायर. जॉइंट पिळून टेप मारलेले, टेपचा डिंक वितळून हाताला चिकटत होता. पंपाच्या रिलेचं थिंबल ओढलं तर वायर हातातच आली, आतलं तांबं हिरवं. सेन्सरचे अर्थ वायपर मोटरच्या स्क्रूला.

आता ठरवलंय, जुन्यातलं काही ठेवायचं नाही. वायर कुठली घेऊ, सोल्डर करू का क्रिंप (टर्मिनल वायरीवर दाबून बसवणं), आणि अर्थ नेमका कुठं द्यायचा? गडबड नाही, पावसाच्या आधी झालं की बास.


उद्यमनगर_वायरमन · सोमवार, सकाळी ७.१५

भावा, वायर कुठली नि पक्कड कुठली हे नंतर. आधी अर्थ. उद्यमनगरात अठ्ठावीस वर्षं हेच करतोय, बाहेरचा ईसीयू लावलेल्या ज्या गाड्या माझ्याकडं "ट्यूनिंग बसत नाही" म्हणून येतात त्यांच्यात पहिलं मी अर्थच बघतो.

तुझं पहिलं दुखणं हिशोबानं दाखवतो, म्हणजे मनात पक्कं बसेल. कूलंट सेन्सर म्हणजे नुसता रेझिस्टर, गरम होईल तसा ओहम कमी. २० डिग्रीला साधारण अडीच किलोओहम, ८० ला सव्वातीनशेच्या आसपास. ईसीयूच्या आत ५ व्होल्टवरनं आलेला दुसरा अडीच किलोओहमचा रेझिस्टर, आणि दोघांच्या मधलं व्होल्टेज ईसीयू वाचतो. ८० डिग्रीला ते येतं ०.५७ व्होल्टच्या आसपास. आता तुझ्या सेन्सरचा अर्थ बॉडीला. फॅन लागला, समज दहा अँपिअर बॉडीतनं बॅटरीकडं निघाले, बॉडीची पट्टी गंजलेली, तिथं ०.०२ ओहम धर. म्हणजे बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हपेक्षा ०.२ व्होल्टनं वर गेली. ईसीयूला ०.५७ च्या जागी ०.७७ दिसलं, त्यानं त्याचं कोष्टक बघितलं, इंजिन ६८-६९ वर हाय म्हणाला आणि पेट्रोल वाढवलं. तुझा सेन्सर चांगला, ईसीयू चांगला, मॅप पण चांगला असेल.

म्हणून सेन्सरचा अर्थ बॉडीला नाही, इंजिनालाही नाही. कूलंट, हवेच्या तापमानाचा, टीपीएस (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा), मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा), चौघांची परतीची वायर फक्त ईसीयूच्या सेन्सर रिटर्नच्या पिनेला. त्या वायरीवर दुसरं काहीही जोडायचं नाही, गेजसुद्धा नाही. एकाच पिनेचा कूलंट सेन्सर असला तर तो काट्यासाठीचा, त्याचा अर्थ चुडीतनं होतो, ईसीयूला दोन पिनेचा वेगळा लाव.

ईसीयूचा पॉवर अर्थ ही निराळी गोष्ट. त्याच्या जेवढ्या पिना आहेत तेवढ्या वायरी स्वतंत्र न्यायच्या आणि सगळ्या इंजिनाच्या ब्लॉकवर एकाच बोल्टला, वाईडबँडच्या (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या) कंट्रोलरचा अर्थ पण तिथंच. तो बोल्ट आधी काढ, खालचा रंग घासून पांढरा धातू दिसू दे, दातेरी वॉशर, मग थिंबल, आणि आवळून झाल्यावर वरनं ग्रीस. बॅटरीचा निगेटिव्ह थेट ब्लॉकला २५ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर) केबलनं, ब्लॉकवरनं चेसिसला आणि बॉडीला वेगळ्या पट्ट्या.

झाल्यावर मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ईसीयूच्या अर्थ पिनेला, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग. ०.१ च्या आत पाहिजे.


हार्नेसताई · सोमवार, दुपारी १.०५

काकांनी अर्थचं सांगितलं त्याला माझं पूर्ण अनुमोदन. मी नऊ वर्षं चाकणला हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगच्या जुडग्याच्या) कारखान्यात होते, पहिली चार बोर्डावर आणि पुढं क्रिंपिंगच्या क्वालिटीत, आता लग्नानंतर परत कोल्हापुरात. तिथं एक शिस्त अंगात मुरली ती सांगते: कागदावर आल्याशिवाय वायर कापायची नाही.

दादा, तुम्ही लिहिलंय ना की त्या माणसाला कागदावर काही दिलं नव्हतं, माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथंच आहे. वहीचं मोठं पान आडवं घ्या. एकेका वायरीला एक ओळ. ईसीयूची पिन, वायरीचा रंग, जाडी, वाटेत फ्यूज किंवा रिले असेल तर तो, पलीकडचा कपलर (प्लगसारखा जोड), त्याची पिन, आणि लांबी. लांबीची जागा सध्या रिकामी. मायक्रोस्क्वर्टला ३५ पिनेचा कपलर आहे, त्यातल्या तुम्ही न वापरलेल्या पिनाही लिहा आणि पुढं "रिकामी" असं लिहा, म्हणजे दोन वर्षांनी कोण बघेल त्याला प्रश्न पडणार नाही. रिकाम्या पिनेच्या जागी सील प्लग घाला, उघडं भोक ठेवू नका.

लांबीसाठी सुतळी. ईसीयू जिथं बसणार तिथं पक्का बसवा, मग सुतळी घेऊन वायर जाईल त्याच वाटेनं न्या, फायरवॉलच्या भोकातनं, इनटेकच्या मागनं, प्रत्येक सेन्सरपर्यंत. जिथं फांदी फुटते तिथं गाठ मारा. इंजिन माउंटवर हलतं, तेव्हा इंजिन आणि बॉडीच्या मधे सुतळी ताणलेली नको, ढिली कमान ठेवा. सेन्सरच्या टोकाला वीतभर जादा, पुढंमागं सेन्सर हलवावा लागला किंवा कपलर परत क्रिंप करावा लागला तर उपयोगी पडतं. मग ती सुतळीची जाळी अलगद उचलून प्लायवूडवर पसरा, पेन्सिलीनं आखा, गाठीच्या जागी खिळे ठोका. कारखान्यात आमचा बोर्ड ह्याहून फार निराळा नसतो हो, फक्त तिथं खिळ्यांच्या जागी काटे असतात.

वायर: सेन्सरला अर्धा स्क्वेअर, इंजेक्टरला पाऊण, कॉइलच्या सप्लायला दीड, पंपाला अडीच. घरगुती पीव्हीसी ७० डिग्रीची असते, इंजिनाजवळ ती कडक होते आणि तडकते. क्रॉस-लिंक्ड इन्सुलेशनची ऑटोमोटिव्ह वायर १२५ डिग्रीपर्यंत टिकते, आणि टेफझेल इन्सुलेशनची घेतली तर १५०, तिच्या तांब्यावर कथलाचा मुलामा पण असतो. पूर्ण टेफझेल खर्चिक पडेल. मी असते तर इंजिनावरच्या फांद्या टेफझेलच्या आणि केबिनमधलं क्रॉस-लिंक्डमध्ये केलं असतं.

क्रिंपचं संध्याकाळी लिहिते, तो विषय घाईत उरकायचा नाही.


सांगली_स्पॅनर · सोमवार, दुपारी ३.३०

क्रिंपच्या आधी माझं ऐका. मी वीस वर्षं सोल्डर करतोय, वर श्रिंक ट्यूब, एक जॉइंट सुटलेला नाही. बाजारातल्या निळ्या-लाल थिंबल दाबून जे क्रिंप करतात ते मात्र रोज सुटतात आणि माझ्याकडं येतात.


हार्नेसताई · सोमवार, रात्री ९.२०

स्पॅनरदादा, साध्या पक्कडीनं चेपलेल्या थिंबलबद्दल तुमचं बरोबरच आहे, त्याला आम्ही क्रिंप म्हणतच नाही. पण सोल्डर सुटत नाही, वायर तुटते. कथील वितळल्यावर तारांमधनं आत चढतं, डोळ्याला जॉइंट एवढासा दिसतो आणि इन्सुलेशनच्या आत आणखी बोटाचं अर्धं पेर कडक झालेलं असतं. जिथं कडक संपून मऊ सुरू होतं तिथंच वायर वाकत राहते. डॅशबोर्डमागं ते वर्षानुवर्षं चालेल. चार सिलिंडरच्या इंजिनावर ती जागा मिनिटाला हजारो वेळा थरथरते.

आता चांगला क्रिंप कसा दिसतो ते. टर्मिनलला मागं पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्यावर, मागची इन्सुलेशनवर. दोन्हींच्या मधल्या खिडकीत थोडं तांबं आणि थोडं इन्सुलेशन, दोन्ही दिसलं पाहिजे. पुढच्या जोडीच्या तोंडातनं तारांची टोकं मिलिमीटरभर डोकावतात, त्याला आम्ही ब्रश म्हणायचो. पंख आतल्या बाजूला वळून तारांमध्ये घुसतात, वरनं बघितलं तर पत्त्यातल्या बदामाच्या वरच्या बाजूसारखा आकार. पुढच्या पंखांच्या मागच्या कडेला बारीकशी कर्ण्यासारखी फुगवट पाहिजे, बेलमाउथ, ती नसेल तर धारदार कड तारा कापते. इन्सुलेशन सोलताना एकही तार तुटलेली चालत नाही, तुटली की टोक कापून पुन्हा सोला. मोबाईलचा कॅमेरा मोठा करून प्रत्येक टर्मिनलचा फोटो घ्या, डोळ्याला जे सुटतं ते फोटोत दिसतं. मग टर्मिनल पक्कडीत धरून वायर हातानं चांगली ओढा. पहिली दहा टर्मिनल नुसती सरावाला वाया घालवा, मनात काही ठेवू नका.

पक्कड रॅचेटची, पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारी, आणि तुमच्या टर्मिनलच्या मापाच्या डायची. खर्च करायचा तर इथं करा. एकच पक्कड सगळ्या कपलरना चालत नाही, त्यामुळं कपलरच दोन-तीन जातींत बसवता आले तर बघा.


सांगली_स्पॅनर · सोमवार, रात्री १०.०५

ताई, माझे जॉइंट बहुतेक बॉडीतले आणि डॅशमागचे, इंजिनावरचे नव्हेत, हा फरक मी धरला नव्हता. तुम्ही म्हणताय तशी तुटलेली वायर मी बघितलीय, बरोबर सोल्डरच्या कडेला, आणि मला वाटायचं वायरच खराब. चार इंजेक्टरना १२ व्होल्ट एकाच वायरीतनं वाटायचा तर तिथं जोड कसा करायचा सोल्डरशिवाय?


हार्नेसताई · सोमवार, रात्री १०.३०

पितळी पट्टीचा स्प्लाइस मिळतो, सगळ्या वायरी एकत्र धरून क्रिंप करायचा आणि वर आतनं डिंक असलेली श्रिंक ट्यूब. कारखान्यात तोच जोड अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं करतात. सगळे स्प्लाइस एकाच जागी आणू नका, चार-चार बोटांच्या अंतरानं मागंपुढं ठेवा, नाहीतर हार्नेसला तिथं गाठोडं होतं.


शिरोली_लेथ · मंगळवार, सकाळी ८.५०

३८०० ला मरतंय ते माझ्या विषयातलं. दातेरी चाकं आम्ही एमआयडीसीत लेझरवर कापून घेतो आणि पुलीवर बसवून देतो. ३६-१ म्हणजे ३६ जागा, त्यातला एक दात गाळलेला. ४००० आरपीएमला सेन्सरसमोरनं सेकंदाला २४०० जागा जातात, त्यातली एक जरी ईसीयूनं चुकीची मोजली की त्याचा हिशोब मोडतो, तो स्पार्क बंद करतो आणि परत गाळलेला दात शोधतो. ती तुझी मान हलते ती तेव्हा.

चाकाचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) डायल लावून बघ, आणि सेन्सरचा गॅप पाऊण ते एक मिलिमीटर. हे बरोबर असेल तर मग वायर. क्रँकचे दात मोजणारा व्हीआर सेन्सर (चुंबकाचा) स्वतः व्होल्टेज तयार करतो, त्याच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या आणि वर शील्ड, म्हणजे धातूचं आवरण. शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला जोडायची, सेन्सरकडं मोकळी कापून झाकायची. दोन्हीकडं जोडली तर शील्डमधनंच करंट फिरतो आणि जे टाळायचं तेच होतं. कॉइलच्या वायरींसोबत एका टेपमध्ये बांधायची नाही, इंजिनाच्या दुसऱ्या बाजूनं ने. तुझी कशी होती?

आणि प्लग आर अक्षराचे, म्हणजे रेझिस्टरचे, आहेत का बघ.


गगनबावडा_१३०० · मंगळवार, रात्री ११.१५

लेथदादा, आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. क्रँक सेन्सरच्या दोन साध्या वायरी, शील्ड नाही, आणि कॉइल पॅकच्या वायरींसोबत एकाच टेपात जवळजवळ दोन फूट. प्लग मात्र रेझिस्टरचे आहेत.

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं क्रिंपवरचं लिहिलेलं मी प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीला लावणार आहे.


पन्हाळा_रोड · बुधवार, सकाळी ११.००

मी झेनवर असंच करायच्या विचारात आहे. तयार हार्नेस मिळतो की ईसीयूसोबत, तो का घेत नाही कुणी? आणि कुठल्या फ्यूजला किती?


उद्यमनगर_वायरमन · बुधवार, दुपारी २.४०

तयार मिळतो आणि नवख्यानं तोच घ्यावा. ईसीयूकडचा कपलर कारखान्यात क्रिंप केलेला असतो, वायरींवर नावं छापलेली असतात, तुला फक्त इंजिनाकडची टोकं मापात कापून कपलर लावायचे. पण तो एका अंदाजी लांबीचा असतो, जादा वायर गुंडाळून डॅशमागं कोंबू नकोस, काप.

फ्यूज हा वायरीसाठी असतो, पहिलं वायर जळू नये म्हणून. ईसीयूला ५, इंजेक्टरला १०, कॉइलला १५, पंपाला १५ असं साधारण बसतं, फॅनचा वेगळा, त्याच्या मोटरप्रमाणं. ईसीयूची सप्लाय चावीवरनं घेतोस तेव्हा स्टार्टर मारताना ती तुटत नाही ना हे मीटरनं बघ. चावीची एसीसी (रेडिओ वगैरेची) लाईन क्रँकिंगला, म्हणजे स्टार्टर मारताना, बंद होते, त्यावर ईसीयू लावलेल्या गाड्या स्टार्टर सोडला की कशाबशा धरतात आणि लोकांना वाटतं पेट्रोल कमी पडतंय.

ताईनं पंपाला अडीच स्क्वेअर का सांगितली ते पण बघ. तांब्याच्या एक स्क्वेअर वायरीला मीटरमागं ०.०१७५ ओहम. जिप्सीत पुढनं टाकीपर्यंत चार मीटर धर, ०.०७ ओहम. पंप आठ अँपिअर ओढत असेल तर ०.५६ व्होल्ट वायरीतच गेले, शिवाय परतीचे वेगळे. अडीचमध्ये तेच ०.२२. पंप व्होल्टेजवर पळतो, अर्धा व्होल्ट कमी म्हणजे प्रेशर भरायची ताकद कमी.

आता गगनबावड्याच्या पावसाचं. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात इथल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांची वायरिंग नंतर माझ्या हातात आली. कपलर वरनं पुसून चकचकीत दिसायचा, आणि वायर सोलली तर आतलं तांबं काळं, आणखी वीतभर सोललं तरी काळंच. पाणी तारांच्या मधनं आत ओढलं जातं, दिव्याची वात तेल ओढते तसं. म्हणून इंजिनाकडचा प्रत्येक कपलर रबरी सीलचा पाहिजे आणि त्याचं तोंड खाली किंवा आडवं, वर कधीच नाही. फायरवॉलमधनं हार्नेस आत शिरतो तिथं आधी तो भोकाच्या खाली उतरव आणि मग वर चढव, म्हणजे पाणी त्या खालच्या वळणावरनं ठिबकून जातं, आत येत नाही. ईसीयू केबिनमध्ये, पायाजवळ नको, ग्लोव्ह बॉक्सच्या मागं वरच्या बाजूला. रिलेचं बेस पण तोंड खाली करूनच. तुझा पंपाचा रिले बहुतेक उताणा होता.


गगनबावडा_१३०० · बुधवार, रात्री ८.१०

काका, उताणाच होता, बॅटरीच्या बाजूला, वर काही झाकण नाही.


गगनबावडा_१३०० · तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४.००

काम कुठवर आलं ते सांगतो.

सुतळीची जाळी करायला अख्खा शनिवार गेला. आधी वाटलं होतं तासाभराचं काम, पण सुतळी फिरवताना कळलं की मी ठरवलेली वाट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चार बोटांवरनं जात होती, ती इनटेकच्या बाजूला वळवली. क्रँक सेन्सरची शील्डेड वायर एकटीच रेडिएटरच्या बाजूनं खालनं आणली. प्लायवूडवर ३१ खिळे. घरच्या सोप्यात बोर्ड आडवा टेकवून ठेवला होता, आई रोज विचारायची काय विणायलास म्हणून, आणि खरंच विणकामच होतं ते. टर्मिनलचे फोटो काढले सगळ्यांचे, त्यात सहा परत केली. दोन टर्मिनलमध्ये इन्सुलेशन तांब्याच्या पंखाखाली गेलं होतं, हातानं ओढून सुटली नव्हती, फोटोतच दिसलं.

हार्नेसवर कापडी टेप, फांद्यांच्या फाट्यावर डिंकाची श्रिंक ट्यूब, मॅनिफोल्डजवळ जिथं नाइलाज होता तिथं फायबरग्लासची स्लीव्ह.

आज पहिल्यांदा बॅटरी जोडली, ईसीयूचा कपलर काढून ठेवून. मुख्य फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो आणि वायर वाचते, हे काकांनी फोनवर सांगितलं होतं. चावी फिरवली, बल्ब अगदी मंद, रिलेच्या कॉइलपुरता. इंजेक्टरचा फ्यूज घातला आणि बल्ब एकदम लख्ख. पोटात गोळा आला. एकेक इंजेक्टरचा कपलर काढला, चारही काढले तरी लख्ख. मग हार्नेस हातानं हलवत गेलो, इनटेकच्या मागच्या पत्र्याच्या क्लिपपाशी हात लावला की बल्ब लुकलुकायचा. क्लिपच्या कडेनं १२ व्होल्टच्या वायरीचं इन्सुलेशन केसभर कापलं होतं, नखानं चाचपल्यावर लागलं. ती वायर पूर्ण बदलली, टेप मारून भागवलं नाही, आणि आता सगळ्या क्लिपा रबर चढवलेल्या घेतल्यात.


शिरोली_लेथ · रविवार, संध्याकाळी ६.२०

लई भारी काम चाललंय. आता कॉइलचा फ्यूज काढून ठेवूनच क्रँक कर आणि लॅपटॉपवर दातांचा लॉग घे. गाळलेल्या दाताच्या जागी एकच उंच काठी आणि बाकी सगळ्या सारख्या दिसल्या पाहिजेत. तिथं फाटल्यासारखं दिसलं तर व्हीआरच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. आणि स्पार्क आउटपुटची दिशा सेटिंगमध्ये नक्की केल्याशिवाय कॉइलला करंट देऊ नको. उलटी असली तर कॉइल सतत भरलेली राहते आणि मिनिटाभरात हात लावू देत नाही.


गगनबावडा_१३०० · पुढचा रविवार, रात्री ९.३०

चालू झाली.

लॉगमध्ये पहिल्यांदा गाळलेल्या दाताच्या दोन्ही बाजूला वेड्यावाकड्या काठ्या आल्या. ईसीयूकडच्या दोन पिना अदलाबदल केल्या, स्वच्छ. स्पार्कची दिशा तपासली, मग कॉइलचा फ्यूज घातला, टायमिंग लाईट मारून लॅपटॉपवरचे १० डिग्री आणि पुलीवरचे १० एक आहेत हे बघितलं, आणि मगच तिला स्वतःच्या जिवावर चालू दिलं. क्रँकिंगला अर्थचा फरक ०.०६ व्होल्ट.

८४ डिग्रीला फॅन लागला तेव्हा मी आणि माझा भाऊ दोघं लॅपटॉपकडं बघत होतो. ८४. फॅन चालू, ८४. पेट्रोलचा वास नाही. मॅप तोच जुना हाय, एक आकडा बदललेला नाही. नंतर ज्योतिबाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ५२०० पर्यंत नेली, कुठं अडली नाही. पाण्याची परीक्षा म्हणून घरी पाईपनं बॉनेटखाली पाणी मारलं पाच मिनिटं, पंप चालू राहिला. खरा पाऊस यायचाय.

एक गोष्ट उरलीय. संध्याकाळी रंकाळ्याच्या गर्दीत अडकलो होतो तेव्हा आत जाणाऱ्या हवेचं तापमान ६३ दाखवायला लागलं आणि मोकळा रस्ता लागल्यावर पण बराच वेळ उतरेना. सेन्सर इनटेक मॅनिफोल्डलाच चुडीत बसवलाय, ॲल्युमिनियमची गरमी घेत असणार. फिल्टरनंतरच्या पाईपमध्ये हलवावा म्हणतोय. ताईंनी सांगितलेली वीतभर जादा वायर ठेवलीय ती तिथवर बरोबर पोचते, मघाशी लावून बघितली.


हार्नेसताई · रविवार, रात्री ९.५०

फार आनंद झाला दादा. सेन्सर हलवलात की वहीच्या पानावर लांबी आणि जागा दोन्ही बदलून लिहा, आणि त्या पानाची एक प्रत गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा.


शिरोली_लेथ · रविवार, रात्री १०.१५

पाईप प्लास्टिकचा का ॲल्युमिनियमचा? सेन्सरची चुडी मोजून पाठव, गुरुवारपर्यंत बंग (सेन्सर बसवायची चुडीची बुशी) करून ठेवतो. पाईपच्या खालच्या बाजूला भोक पाडू नको, तेलाचा ओलावा तिथं साठतो.